नवमीला कसलेला चिमटा

असं समजा, की तुम्ही बारा वर्षांचे आहात. दिल्ली कँटमधल्या लष्करी क्वार्टर्सच्या मागे एक पत्र्याची शेड आहे, तिथे तुम्ही उकिडवे बसला आहात. समोर तेरा वर्षं जुनी मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी आहे, पण तिला मागचं चाकच नाही. ते भिंतीला टेकवून ठेवलंय. तुमच्या हातात बिस्किटांचा रिकामा डबा आहे. त्यात नट, बोल्ट आणि वायसर आहेत, आणि त्यातला एकही हरवता कामा नये अशी तुम्हाला ताकीद आहे. आज चौथा दिवस, तुम्ही हा डबा सांभाळताय. पाय भरून आलेत. आलं सगळं डोळ्यांसमोर? आता तुम्ही उठा आणि त्या जागी शिवांजलीला बसू द्या, कारण ही गोष्ट तिची आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढे अडायला नको. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा एक लोखंडी भाग असतो. पोळी शेकायचा चिमटा आडवा धरला तर कसा दिसेल, तसाच. दोन पायांच्या मध्ये चाक बसतं. ते पाय जिथे एकत्र येतात, तिथून एक लांब बोल्ट आरपार जातो आणि त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडतो. म्हणून मेकॅनिक लोक त्याला चिमटाच म्हणतात. खड्डा आला की चिमटा त्या बोल्टवर वरखाली हलतो. तो धड नसेल, तर मागचं चाक डुलायला लागतं, आणि भर रस्त्यात चाक डुललं तर काय होईल ते मी सांगायला नको.

शिवांजलीच्या घरच्या गाडीच्या चिमट्याला तडा गेला होता. एकदा वेल्डिंग करून झालं होतं. आता वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा आला होता. आणि नेमकी याच आठवड्यात ती गाडी फार गरजेची झाली होती.

शिवांजलीचे वडील, हवालदार उदयसिंह, यांची बदली पूर्वेकडच्या सरहद्दीवर झाली होती. दसऱ्याच्या पहाटे साडेचारला युनिटची गाडी त्यांना न्यायला येणार होती. आई, सुकन्या, आणि शिवांजली क्वार्टरमध्येच राहणार होत्या. आईला सहा महिने खटपट करून मानेसरच्या एका कारखान्यात वायरी तपासायचं काम मिळालं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा पहिला दिवस. कंपनीची बस धौला कुआँच्या पुलापाशी पहाटे पावणेसहाला यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. त्या वेळी क्वार्टर्सपासून तिथवर रिक्षा मिळत नाही. आईला गाडी चांगली यायची. उदयसिंहांनीच शिकवली होती. तेव्हा जाण्याआधी चिमटा बदलायचा आणि आईच्या हाती धड गाडी द्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

कोपऱ्यावरच्या धीरज मेकॅनिकने हे काम तीन तासांत केलं असतं. पण तो सणासाठी गावी गेला होता, तो थेट सोमवारी येणार होता. उदयसिंह म्हणाले, काय अवघड आहे त्यात, मी करतो. पहिल्या दिवशी तर ते शीळही घालत होते.

पहिल्या दिवशी तो लांब बोल्टच निघेना. तेरा वर्षांच्या गंजाने तो आत चिकटून बसला होता. रॉकेल ओतून झालं, हातोडीने ठोकून झालं. उदयसिंहांच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. शीळ थांबली. संध्याकाळी बोल्ट बोटभर सरकला तेव्हा अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी बोल्ट निघाला. मग ते करोल बागेतल्या बाजारातून नवा चिमटा घेऊन आले आणि तो बसेना. एका बाजूला बोटभर जास्त रुंद. चूक दुकानदाराची नव्हती. उदयसिंहांनी गाडीचं नाव सांगितलं होतं, साल सांगितलं नव्हतं, आणि त्या सालानंतर कंपनीने चिमटा बदलला होता. हे कळल्यावर ते शेडच्या पायरीवर कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. सुकन्याने चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

तिसऱ्या दिवशी शिवांजली त्यांच्याबरोबर गेली. यावेळी जुना चिमटाच वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता. दुकानात एक म्हातारे काका होते. त्यांनी जुना आणि नवा चिमटा एकावर एक ठेवून मापं ताडून बघितली. उदयसिंह फोनवर युनिटमधल्या कुणाशी तरी बोलायला बाहेर गेले, तेव्हा काकांनी नव्या चिमट्यातला रबराचा बुश शिवांजलीला दाखवला. बाहेर लोखंडी कडं, आत तो लांब बोल्ट जाण्यासाठी लोखंडी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं काळं रबर. काका म्हणाले, "बेटा, पापा को बोलना, पहले गाडी पे आदमी बिठाओ, फिर ये नट कसो." शिवांजलीने मान हलवली. तिला वाटलं, पप्पांना हे ठाऊकच असणार.

चौथा दिवस म्हणजे खंडेनवमी. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होत असेल. उदयसिंहांच्या गावाकडच्या घरी त्या पूजेचा एक नेम होता, तो त्यांनी दिल्लीतही पाळला होता: नवमीला संध्याकाळी दिवा लावायच्या आत घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची. एकदा मांडली की दसऱ्याला सूर्य उगवून पूजा होईपर्यंत एकही उचलायचं नाही. पाना नाही, हातोडी नाही, विळीसुद्धा नाही. त्या दिवशी सुकन्या रात्रीची भाजी दुपारीच चिरून ठेवायची.

म्हणजे चिमटा संध्याकाळच्या आत बसायलाच हवा होता.

दुपारी दोनपर्यंत सगळं ठीक चाललं. चिमटा जागेवर गेला, बोल्ट आरपार गेला, आणि मग शिवांजलीला दिसलं की चेन चिमट्याच्या बाहेर लोंबतेय. चेन न उघडता काढली होती, तेव्हा चिमट्याचा डावा पाय तिच्या वेढ्यातून आत घालायला हवा होता. तो राहिला होता. तिने बोट दाखवलं. उदयसिंहांनी डोळे मिटून घेतले, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि बोल्ट पुन्हा बाहेर ओढला.

चार वाजता पुन्हा सगळं जागेवर आलं. गाडी स्टँडवरच होती आणि चाक हवेत होतं. उदयसिंहांनी पान्याला लोखंडी पाइप लावला, म्हणजे जोर जास्त बसतो, आणि त्या लांब बोल्टची नट कसायला घेतली.

शिवांजलीला काकांचं बोलणं आठवलं. "पप्पा, ते दुकानातले काका म्हणत होते..."

"नंतर."

"पण पप्पा, नट कसायच्या आधी..."

"शिवा, साडेचार वाजलेत. आई पूजेला थांबलीय. डबा इकडे दे."

तिने डबा दिला. नट इतकी घट्ट झाली की पाइपच वाकतो की काय असं वाटलं. उदयसिंहांनी कपाळावरचा घाम पुसला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच हसले. पाने रॉकेलने पुसून, साबणाने धुऊन ते घरात घेऊन गेले.

पूजा छान झाली. पाटावर लाल कापड, त्यावर मापाप्रमाणे ओळीने पाने, हातोडी, पक्कड, सुकन्याची शिवणाची कात्री, विळी, सुरी आणि शिवांजलीचा कंपास. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. खाली जाऊन गाडीलाही हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी हे काही हत्यार नव्हे, तिला चालवायला मनाई नव्हती. म्हणून उदयसिंह म्हणाले, सुकन्या, एक चक्कर मारून ये.

ती निघाली. कँटमधल्या रस्त्यांवर दर पन्नास पावलांवर गतिरोधक असतो. पहिल्या गतिरोधकाला मागून कर्र असा आवाज आला. दुसऱ्यालाही आला. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिने सांगितलं की गाडी मागून लाकडासारखी कडक लागतेय, बसल्यावर दबतच नाही, आणि प्रत्येक उंचवट्याला कण्हते. उदयसिंह म्हणाले, नवी वस्तू आहे, जरा बसायला वेळ लागतो. मग म्हणाले, तू गतिरोधकावर वेग कमी करत नाहीस. मग स्वतः चक्कर मारून आले. गाडी लावली आणि हेल्मेट पायरीवर असं आपटलं की शेजारच्या क्वार्टरमधलं कुत्रं भुंकलं.

"वस्तूच खराब दिली त्या म्हाताऱ्याने," ते म्हणाले.

"वस्तू खराब नाहीये," शिवांजली म्हणाली. "तुम्ही माझं ऐकलं नाही. मी दोनदा सांगत होते यार पप्पा."

'यार पप्पा' हे त्यांना एरवी खपलं नसतं. पण तिचा आवाज रडवेला झाला होता, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं, आणि सुकन्या म्हणाली, "अहो, ऐका तरी ती काय म्हणते ते."

आता शिवांजलीने काय सांगितलं ते तुम्हीही करून बघा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. एक हात सरळ वर उचला. तसाच वर असताना काखेजवळचं कापड दुसऱ्या हाताने ताणून घट्ट धरा. आता वरचा हात खाली घ्या. कापड ओढलं जातं की नाही? हात खाली यायला कुरकुर करतो. आता उलट करा. आधी हात खाली, नेहमीसारखा, आणि मग कापड धरा. काही त्रास नाही.

तिने आईच्या बाहीवर हेच करून दाखवलं. ती म्हणाली, चाक हवेत लोंबत होतं म्हणजे चिमट्याचा हात वेगळ्याच जागी होता. तशात नट कसली, त्यामुळे बुशाची आतली नळी तिथेच आवळली गेली. आता कुणी बसलं की चिमटा हलतो, बाहेरचं कडं त्याच्याबरोबर फिरतं, आतली नळी फिरत नाही, आणि मधलं रबर पिळलं जातं. म्हणून आवाज. ते काका म्हणाले होते, आधी माणूस बसवा, मग कसा. म्हणजे वजन असताना जी जागा, तीच त्याची खरी जागा.

उदयसिंहांनी खाली वाकून नटकडे बघितलं. मग शिवांजलीकडे. त्यांना पटलं होतं हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं.

"आणि तसंच चालवलं तर?" सुकन्याने विचारलं.

"रबर फाटेल. महिना, दोन महिने. मग चाक हलायला लागेल." ते थांबले. "नुसती नट ढिली करून, कुणीतरी बसून, परत कसायची. दहा मिनिटांचं काम आहे."

मग तिघांनीही एकदमच वर, घराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीतून दिव्याचा उजेड दिसत होता. पाने तिथे होते, झेंडूच्या फुलांखाली.

सुकन्या हळूच म्हणाली, उद्या पूजा झाली की मी आणि शिवा करू. उदयसिंहांनी मान हलवली. त्यांनी ती नट पाइप लावून सगळ्या ताकदीने कसली होती. ती या दोघींच्याने हलणार नाही, आणि ढिली झाली तरी परत तेवढी कसता येणार नाही. धीरज सोमवारी येणार. आणि सुकन्याला परवा पहाटे निघायचं होतं. शिवांजलीने विचारलं, समोरच्या सुधाकरकाकांकडून पाना आणू का? ते म्हणाले, पाना कुणाचाही असो, आज हत्यार उचलायचं नाही.

"तुम्ही उचला म्हणालात तर मी काही म्हणणार नाही," सुकन्या म्हणाली. पण म्हणताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आणि शिवांजलीला कळलं की आईलाही ते नको होतं. पहाटे पप्पा सरहद्दीवर जाणार होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरचा नेम मोडायचा, आणि मग तिकडे काही झालं तर? आई हे बोलून दाखवणार नव्हती. पप्पाही हेच उलट्या बाजूने घोकत होते: मी तिकडे, आणि इथे भर रस्त्यात तिचं चाक डुललं तर? ते दोघं एकमेकांची काळजी करत होते, आणि त्या काळजीपायी गाडी होती तशीच राहणार होती.

"चालवते मी तशीच," सुकन्या म्हणाली. "हळू चालवेन."

"हळू चालवून काय होणार आहे?" उदयसिंह ओरडले. मग आवाज खाली आणला. "चार दिवस. चार दिवस घातले मी यात. बोल्ट काढला, ते चुकीचं आणलं, ते परत केलं, चेनसाठी पुन्हा खोललं, आणि शेवटी काय, तर नट कसायचीच वेळ चुकली. पोरगी सांगत होती कानाशी." त्यांनी काळ्या नखाचा अंगठा मुठीत दाबून धरला. गाडीला लाथ मारावी असं त्यांना वाटलं असावं, पण गाडीच्या गळ्यात हार होता.

क्वार्टर्समध्ये कुणाच्या तरी घरी आरती चालली होती.

"पप्पा," शिवांजली म्हणाली, "तुमच्याकडे पहाऱ्याच्या पोस्टवरही पूजा होते ना नवमीला?"

"होते."

"सगळ्यांच्या रायफली मांडतात?"

"सगळ्यांच्या."

"आणि मग पोस्टवर पहारा कोण देतं?"

तिने सहज विचारलंय की मुद्दाम, ते उदयसिंहांनी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. "संतरी असतो, पहारेकरी," ते म्हणाले. "ज्याची ड्यूटी असते त्याची रायफल मांडत नाहीत. तो तसाच उभा असतो."

"आणि देव रागावत नाही?"

उदयसिंहांनी सुकन्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. कुणी हो म्हणेना, की नाही म्हणेना. तुम्हाला ठाऊक असेल, मोठी माणसं कधीकधी अशी गप्प होतात. उत्तर त्यांना ठाऊक असतं, पण ते पहिल्यांदा कुणी उच्चारायचं, हे ठरत नसतं.

शिवांजली जिना चढून वर गेली. पाटासमोर बसली. दिवा नीट जळत होता. तिने हात जोडले आणि आपल्याला जे म्हणायचं होतं ते मनात म्हटलं. ते काय होतं, हे तिने पुढेही कुणाला सांगितलं नाही. मग त्या नटला लागणाऱ्या एकोणीस नंबरच्या पान्यावरचं झेंडूचं फूल दोन बोटांनी उचलून शेजारच्या हातोडीवर ठेवलं, पाना उचलला, आणि त्याच्यावरचं हळदकुंकू न पुसता तो दोन्ही हातांत धरून खाली आली.

तिने तो वडिलांपुढे धरला नाही. त्यांना घ्यायला लावायचं नव्हतं तिला.

"आई, गाडी स्टँडवरून खाली घे आणि वर बस," ती म्हणाली. "नीट बस, परवा बसणार आहेस तशी. पाय पायदानावर. भिंतीला हात लावून तोल सांभाळ."

सुकन्याने एकदा नवऱ्याकडे बघितलं, साडीचा पदर खोचला, गाडी स्टँडवरून उतरवली आणि तिच्यावर बसली. मागचं चाक जमिनीवर टेकलं. आतून कर्र असा आवाज आला आणि थांबला.

आधी नट ढिली करायची होती. शिवांजलीने पाना नटवर बसवला, दांडा पुढच्या चाकाच्या दिशेला आडवा राहील असा. तो नीट बसलाय का हे दोनदा हलवून बघितलं. दोन्ही हातांनी ओढून बघितलं. नट हलली नाही. तेव्हा तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, एका हाताने सीटची कड धरली, आणि दोन्ही पावलं पान्याच्या दांड्यावर ठेवून, आपलं सगळं वजन टाकून ती त्याच्यावर उभी राहिली.